शुद्धीचा अग्नी : जिनोव्हाच्या कॅथरीनची शिकवण आणि तिच्यामागचा इतिहास

माणूस देह ठेवतो तेव्हा त्याचे सगळे काम पुरे झालेले असते का? वाचक माऊलींनो, आपल्या ओळखीतली गेलेली माणसे क्षणभर आठवून पाहा. कोणी जन्मभर देवाचे नाव घेतले, पण सख्ख्या भावाशी धरलेला अबोला शेवटपर्यंत सुटला नाही. कोणी दारी आलेल्याला कधी उपाशी धाडले नाही, पण घरच्या सुनेला गोड शब्द दिला नाही. ही माणसे दुष्ट खचित नव्हती. पण अगदी निर्मळ होती असेही म्हणवत नाही. मग अशा अर्धवट उजळलेल्या जीवाचे पुढे काय होते?

हा प्रश्न जगातल्या बहुतेक धर्मांना पडला आहे. आपल्याकडे कर्म आणि पुनर्जन्म या विचाराने त्याचे उत्तर दिले, आणि त्या येरझारीतून सोडवणारी भक्तीची वाट संतांनी दाखवली. ख्रिस्ती धर्म पुनर्जन्म मानत नाही. एक जन्म, एक मरण, आणि मग देवासमोर उभे राहणे, असा त्यांचा विश्वास आहे. त्यांच्यातील कॅथलिक पंथाने या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याचे नाव ‘पर्गेटरी’. लॅटिन भाषेतल्या ‘शुद्ध करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून हा शब्द आला. मराठीत त्याला शुद्धिस्थान म्हणता येईल. हे उत्तर कसे घडले, मधल्या काळात त्याचा बाजार कसा झाला आणि इटलीतल्या एका रुग्णसेविकेने त्याचे मर्म कसे उघड करून दाखवले, हा इतिहास परमार्थाच्या वाटेवर चालणाऱ्या कोणालाही विचार करायला लावील.

आधी शिकवण समजून घेऊ. शुद्धिस्थान म्हणजे नरकाचाच एखादा सौम्य कप्पा, असे ऐकणाऱ्याला वाटते. कॅथलिक शिकवण तसे सांगत नाही. ज्याने देवाला जाणूनबुजून पाठ फिरवली आणि शेवटपर्यंत वळला नाही, त्याच्यासाठी नरक, आणि तो कायमचा. शुद्धिस्थानात जातो तो देवाच्या प्रेमात राहून मेलेला जीव. त्याचा स्वर्ग ठरलेला असतो. परंतु आसक्ती, अहंकार, जुन्या सवयींचा मळ अजून अंगावर असतो, आणि तो घेऊन देवाच्या समोर जाता येत नाही. चंद्रभागेत स्नान करून मग राउळाकडे वळणाऱ्या वारकऱ्याला ही कल्पना फार परकी वाटू नये. भेट ठरलेली आहे, वाटेवरची धूळ तेवढी धुवायची आहे.

याच शिकवणीचा दुसरा भाग संतांविषयीचा आहे. जिवंत भाविक, शुद्ध होत असलेले मृत आणि देवाजवळ पोहोचलेले संत, असे तिघांचे मिळून एकच कुटुंब आहे असे कॅथलिक मानतात. पूजा एका देवाचीच. संतांना वंदन करायचे आणि ‘आमच्यासाठी देवाला विनवा’ असे म्हणायचे. जिवंतांनी मृतांसाठी प्रार्थना करायची. मरणाने हे नाते तुटत नाही. म्हणूनच १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, सर्व मृतांचे स्मरण असे हे दोन दिवस जोडून येतात.

आता इतिहासाकडे वळू. या विचाराचे मूळ शोधताना कॅथलिक पंडित बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाकडे जातात. ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकात ज्यू लोकांचा सेनानी यहूदा मक्काबी लढाईनंतर आपल्या पडलेल्या सैनिकांची प्रेते उचलायला गेला. त्यांच्या अंगरख्यांखाली परक्या देवतांचे ताईत सापडले. त्यांच्या धर्मात हे पाप. सेनानीने त्या मृतांना शिव्याशाप दिले नाहीत. त्याने वर्गणी गोळा केली, सुमारे २००० चांदीची नाणी जमली, आणि त्या सैनिकांच्या पापक्षालनासाठी बलिदान व्हावे म्हणून ती यरुशलेमला पाठवली. मेलेल्या साथीदाराची चूक जिवंतांनी आपल्या अंगावर घ्यावी, ही भावना तिथे दिसते. प्रोटेस्टंट ख्रिस्ती हा ग्रंथ आपल्या बायबलात धरत नाहीत, आणि शुद्धिस्थानही मानत नाहीत.

यानंतरची गोष्ट उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराची. इ. स. २०३ मध्ये पेर्पेतुआ नावाच्या सुमारे २२ वर्षांच्या तरुणीला ख्रिस्ती धर्म सोडत नाही म्हणून रोमन अधिकाऱ्यांनी तुरुंगात टाकले. अंगावर पिणारे बाळ होते. तुरुंगात तिने आपले अनुभव लिहून ठेवले. तिचा धाकटा भाऊ दिनोक्रातेस वयाच्या सातव्या वर्षी चेहऱ्यावरच्या दुर्धर व्रणाने गेला होता. तो तिला स्वप्नात दिसला. अंधाऱ्या जागी उभा, तहानलेला. समोर पाण्याचा हौद, पण त्याची कड त्याच्या उंचीपेक्षा वर. हात पोहोचेना. जागी झाल्यावर ती रात्रंदिवस त्याच्यासाठी रडत प्रार्थना करू लागली. काही दिवसांनी तो पुन्हा दिसला. हौदाची कड खाली आली होती, जखमेच्या जागी नुसता वण उरला होता, आणि पोट भरून पाणी पिऊन तो मुलांसारखा खेळायला निघाला होता. स्वतः मरणाच्या दारात उभी असलेली बहीण आपली चिंता सोडून गेलेल्या भावाची तहान भागवते. त्या वेळी शुद्धिस्थान हा शब्दही नव्हता, सिद्धान्तही मांडला गेला नव्हता. प्रेम मात्र होते. सिद्धान्त पुढे आला तो या प्रेमाच्या पाठोपाठ.

३८७ साली इटलीतल्या ओस्तिया या बंदरात मोनिका नावाची आई मरणशय्येवर होती. तिचा मुलगा ऑगस्टीन पुढे ख्रिस्ती धर्माचा फार मोठा आचार्य झाला. ती माणसे मूळची आफ्रिकेची. परदेशात मरण आले तर देह गावी न्यावा, नवऱ्याशेजारी पुरावा, अशी पूर्वी तिची इच्छा होती. शेवटी तिने तीही सोडली. देह कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका, फक्त देवाच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिचे मागणे होते. ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात हा प्रसंग सांगून वाचकांनाही आपल्या आईबापांसाठी प्रार्थना करण्याची विनंती केली आहे.

पोप ग्रेगरी (कारकीर्द ५९० ते ६०४) यांच्या ग्रंथातली एक कथा तर मठातल्या शिस्तीचीच आहे. रोममधल्या त्यांच्या मठात युस्तुस नावाचा वैद्यकी जाणणारा साधू होता. कोणी स्वतःजवळ काही ठेवायचे नाही, असा मठाचा नियम. युस्तुस आजारी पडला तेव्हा औषधांमध्ये लपवलेली तीन सोन्याची नाणी सापडली. ग्रेगरींनी कडक शिक्षा केली. मरताना त्याच्याजवळ मठबंधूंनी बसायचे नाही, आणि मेल्यावर त्याला उकिरड्यात ती नाणी अंगावर टाकून पुरायचे. युस्तुसला पश्चात्ताप होऊन मरण आले. पुढे ग्रेगरींच्या मनात दया दाटून आली. आपला बंधू यातनेत आहे, त्याला सोडवायला हवे, असे म्हणून त्यांनी सलग तीस दिवस त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, करायला सांगितली. तीस दिवस पुरे झाले तेव्हा युस्तुस आपल्या सख्ख्या भावाला रात्री दिसला आणि आता मी बरा आहे असे म्हणाला, अशी कथा आहे. तीस मिस्सांची ती प्रथा आजही कॅथलिकांत आहे. ज्या गुरूने शिक्षा केली त्यालाच शिष्य सुटेपर्यंत चैन पडली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अकराव्या शतकाच्या सुमारास फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी आपल्या अखत्यारीतल्या मठांमध्ये २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांसाठी ठेवला. ज्याच्यासाठी प्रार्थना करणारे घरात कोणी उरले नाही, त्याचेही नाव या दिवशी येते. ही प्रथा पुढे साऱ्या पश्चिम युरोपात पसरली. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात शुद्धिस्थान हे नाम स्वतंत्र शब्द म्हणून रूढ झाले, असे फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी दाखवून दिले आहे. १२७४ च्या लियोंच्या धर्मपरिषदेत ही शिकवण अधिकृतपणे मांडली गेली.

चौदाव्या शतकाच्या आरंभी इटलीचा महाकवी दान्ते याने आपल्या काव्यात शुद्धिस्थान हा सात टप्प्यांचा डोंगर म्हणून रंगवला. गर्व, मत्सर, क्रोध, आळस, लोभ, खादाडपणा आणि कामवासना, अशी एकेक गाठ एकेका टप्प्यावर सुटते. गर्विष्ठ माणसे पाठीवर मोठाले दगड घेऊन वाकून चालतात, म्हणजे ताठ मान आपोआप खाली येते. तिथल्या जीवांना घाई असते ती शुद्ध होण्याची. भेटेल त्या जिवंत माणसाला ते सांगतात, परत गेलास की माझ्या लेकीला माझ्यासाठी प्रार्थना करायला सांग. आणि एखादा जीव पूर्ण शुद्ध झाला की सारा डोंगर हादरतो आणि सगळे मिळून देवाचे स्तवन गातात. एकाची सुटका हा सगळ्यांचा सोहळा होतो. दिंडीत चालणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण माऊली, जिथे भाव असतो तिथे व्यवहार शिरायला वेळ लागत नाही. पापाची कबुली देऊन क्षमा मिळाली तरी त्या पापाचा काही दंड फेडायचा उरतो, आणि तो दंड धर्मसंस्था आपल्या अधिकारात कमी करू शकते, अशी शिकवण मध्ययुगात रुजली. त्यासाठी उपास, तीर्थयात्रा, दानधर्म सांगितला जाई. ही झाली क्षमापत्रांची मूळ कल्पना. १४७६ मध्ये पोप सिक्स्टस चौथे यांनी ही सवलत शुद्धिस्थानातल्या मृतांनाही लावता येईल असे जाहीर केले. आईबापांच्या यातना आपण दान देऊन कमी करू शकतो म्हटल्यावर कोण मागे राहील? आणि अशा भोळ्या मायेवर हात मारणारेही मग मागे राहिले नाहीत.

१५१५ मध्ये पोप लिओ दहावे यांनी रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामासाठी क्षमापत्रांची मोठी मोहीम मंजूर केली. जर्मनीतले माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांनी आपल्या पदासाठी फुगर या सावकारी पेढीकडून कर्ज काढले होते. जमलेल्या पैशातला अर्धा भाग ते कर्ज फेडायला जाणार होता. योहान टेट्झेल हा उपदेशक गावोगाव फिरून क्षमापत्रे खपवू लागला. मृत आईबाप यातनेत ओरडत आहेत, तुम्ही मात्र पैसा सोडत नाही, अशा थाटाचे त्याचे बोलणे असे. बहिणीने रडून केलेली प्रार्थना जिथे होती, तिथे आता पेटी आणि पावती आली. आपल्या देहूत तुकोबारायांनी लोकांच्या नावची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. तिकडे जर्मनीत धर्माच्या नावाने माणसांच्या दुःखावरच कर्जफेड चालली होती.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर या जर्मन संन्यासी प्राध्यापकाने याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. त्यातला एक सवाल साध्या माणसाच्या तोंडचा होता. पोपच्या हाती ही सत्ता आहे तर पैशाची वाट न पाहता, केवळ प्रेमापोटी, तो सगळ्यांनाच का सोडवत नाही? या वादातून पश्चिम युरोपातला ख्रिस्ती समाज दुभंगला आणि ती दुफळी आजही आहे.

वाचकहो, या वादाच्या आधीच, कोणाशी न भांडता, एका स्त्रीने या शिकवणीचा गाभा वेगळ्या जागी शोधला होता. ती म्हणजे जिनोव्हाची कॅथरीन. १४४७ मध्ये जिनोव्हा या बंदराच्या शहरात फिएस्की या बड्या घराण्यात तिचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी घराण्यांच्या राजकारणापायी तिचे लग्न ज्युलियानो आदोर्नो याच्याशी लावून दिले. नवरा उधळ्या, रागीट आणि बाहेरख्याली. दहा वर्षे ती मनाने झुरत राहिली. पहिली काही वर्षे घरात कोंडून काढली, पुढची काही समाजातल्या मौजमजेत मन रमवण्यात गेली. कशानेच समाधान होईना. मार्च १४७३ मध्ये ती पापनिवेदनासाठी धर्मगुरूसमोर गुडघे टेकून बसली असता एकाएकी देवाच्या प्रेमाचा आणि आपल्या दोषांचा असा लख्ख प्रत्यय तिला आला की तोंडातून शब्द फुटेना. तिथून तिचे आयुष्य पालटले. आपले वारकरी त्याला अनुताप म्हणतील.

अनुताप खरा की क्षणाचा, हे पुढच्या वागण्यावरून ठरते. कॅथरीन घर सोडून मठात गेली नाही. ती शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊ लागली, त्यांची कपडे-अंथरुणे धुऊ लागली. घाणीची किळस येई, ती तिने जिद्दीने मोडली. दरम्यान ज्युलियानोचे दिवाळे निघाले आणि त्याचेही मन वळले. त्याला लग्नाबाहेर झालेली एक मुलगी होती, तिचाही कॅथरीनने मायेने सांभाळ मानला. नवराबायको दोघे पाम्मातोने या शहरातल्या मोठ्या रुग्णालयापाशी साध्या घरात राहायला गेले आणि विनावेतन सेवा करू लागले. १४९० मध्ये तिच्याकडे त्या रुग्णालयाचा कारभार आला, आणि सुमारे सहा वर्षे तिने तो पाहिला. समाधीत तासन्‌तास हरवणारी ही बाई हिशेबात एका पैशाचीही चूक होऊ देत नसे, असे तिचे चरित्रकार सांगतात.

१४९३ मध्ये जिनोव्हात प्लेग आला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. कॅथरीन थांबली. रुग्णालयामागच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकून तिने रोग्यांची सोय केली. त्या दिवसांतली एक गोष्ट चरित्रात आहे. एक भाविक स्त्री आठ दिवस तापाने तळमळत होती, तिची वाचा गेली होती. कॅथरीन तिला भेटायला जाई तेव्हा म्हणे, येशूचे नाव घे. ती बिचारी ओठ हलवी, पण शब्द उमटेना. ओठांवर नाम आले आहे आणि बाहेर पडत नाही, हे पाहून कॅथरीनला राहवले नाही. तिने त्या ओठांचे चुंबन घेतले. तिलाही तो ताप आला, मरणाच्या दारापर्यंत जाऊन ती परतली, आणि उठल्यावर पुन्हा कामाला लागली. नामाची थोरवी सांगणारे अनेक भेटतात. दुसऱ्याच्या ओठावरच्या नामासाठी जीव धोक्यात घालणारे विरळा.

अशा जीवनातून तिची शुद्धिस्थानाविषयीची शिकवण आली. ती तिने स्वतः ग्रंथ म्हणून लिहिली नाही. तिचे बोलणे शिष्यांनी टिपून ठेवले आणि तिच्या मृत्यूनंतर १५५१ मध्ये ते छापले गेले. तिचे म्हणणे थोडक्यात असे. देव कोणालाही आगीत ढकलत नाही. त्याचे दार सदा उघडेच असते. पण देह सुटताच जीवाला देवाचे निखळ प्रेम दिसते आणि त्याच उजेडात आपला मळही दिसतो. तो मळ घेऊन त्या प्रेमासमोर उभे राहणे जीवालाच सोसवत नाही. म्हणून तो आपण होऊन शुद्धीत उडी घेतो, आणि अशी जागा आहे हीच देवाची दया समजतो. ती गंजाचा दृष्टांत देते. गंज चढलेल्या वस्तूवर सूर्य पडत असतो, पण आत पोहोचत नाही. सूर्याचे तेज कधी कमी होत नाही. जसजसा गंज झडतो तसतसा प्रकाश आत शिरतो. म्हणून तिथे दुःख असले तरी आनंदही रोज वाढत जातो. स्वर्गातल्या आनंदाखेरीज त्या आनंदाला दुसरी उपमा नाही, असे ती म्हणते. जाळणारा अग्नी म्हणजे देवाचे प्रेमच.

आणखी एक गोष्ट ती सांगते. त्या अवस्थेत जीव दुसऱ्याकडे पाहून हिशेब करत नाही. हा माझ्याआधी सुटला, मी मागे राहिलो, माझा दंड जास्त का, असले विचार तिथे उरतच नाहीत. पेटी आणि पावतीचा व्यवहार ज्या काळात जोर धरत होता, त्याच काळातले हे बोलणे आहे. क्षमापत्रांविषयी तिला आदर होता, पण स्वतःसाठी ती मिळवण्याची तिला ओढ नव्हती. जे माझ्याकडून फेडले जायला हवे ते फेडले जावो, अशी तिची वृत्ती होती असे चरित्र सांगते.

तिच्या शिकवणीचा आरंभच मुळी असा आहे की, मरणानंतरच्या शुद्धीविषयी तिला जे कळले ते देहात असतानाच, देवाच्या प्रेमात स्वतः तावून निघताना कळले. म्हणजे शुद्धिस्थानाला मरणाची वाट पाहावी लागत नाही. रोग्याचे अंथरूण धुताना किळस मोडते, तो एक थर गेला. नवऱ्याच्या चुकीतून आलेल्या लेकराला आपले मानले, तो आणखी एक थर गेला. १४९७ मध्ये ज्युलियानो दीर्घ, वेदनादायी आजाराने गेला. शेवटी दुखण्याने तो फार चिडचिडा झाला होता. कॅथरीन शेजारच्या खोलीत जाऊन त्याच्यासाठी रडत प्रार्थना करत राहिली, आणि त्याला शांतपणे मरण आले. ज्याने तिचे तारुण्य कडू केले, त्याच्या सद्गतीसाठी ती रडली. १५ सप्टेंबर १५१० रोजी तिने देह ठेवला.

मरणाची तयारी हा त्या शतकातला घरोघरचा विषय होता. १३४७ पासूनच्या प्लेगच्या लाटांनी युरोपात इतकी माणसे नेली की मरणाऱ्याजवळ बसायला धर्मगुरूही पुरेनात. पंधराव्या शतकात ‘मरणाची कला’ या अर्थाच्या नावाची छोटी चित्रमय पुस्तके निघाली. अंतकाळी पाच मोह गाठतात असे त्यांत सांगितले आहे: श्रद्धा डळमळणे, निराशा, अधीरपणा, आपल्या पुण्याचा ताठा आणि घरदार-धनाची ओढ. पुण्याचा ताठा हा मोह भल्या माणसालाच गाठतो, हे त्या पुस्तकांनी नेमके ओळखले. शेजाऱ्याच्या, मित्राच्या अंथरुणाशी बसून काय बोलावे, कोणती प्रार्थना म्हणावी, हे त्यांनी साध्या माणसांना शिकवले.

कॅथरीनचा शिष्य एत्तोरे वेर्नात्सा हा धंद्याने कागदपत्रे करणारा नोटरी. त्याने १४९७ मध्ये जिनोव्हात ‘दैवी प्रेमाची मंडळी’ नावाचा सामान्य गृहस्थांचा संघ काढला. ज्यांना कोणी जवळ करत नव्हते अशा असाध्य रोग्यांसाठी त्याने रुग्णालये उभारण्याचे काम केले. १५२४ मध्ये प्लेग पुन्हा आला तेव्हा रुग्णसेवा करता करताच तो गेला. गुरूच्या शब्दाचा अर्थ त्याने असा लावला.

इकडे कॅथलिक धर्मसंस्थेलाही स्वतःकडे पाहावे लागले. ट्रेंट येथील परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्या. शुद्धिस्थान आहे आणि तिथल्या जीवांना भाविकांच्या प्रार्थनेची मदत होते, हे तिने कायम ठेवले. त्याचबरोबर, भोळ्या लोकांपुढे याविषयी अवघड तर्कट मांडू नये, आणि जिथे नुसते कुतूहल, अंधश्रद्धा किंवा पैशाचा लोभ दिसेल ते बंद करावे, असा बिशपांना आदेश दिला. १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेली क्षमापत्रे रद्द केली. क्षमेला इतके दिवस, इतकी वर्षे असे माप लावण्याची पद्धत मात्र पुढे चारशे वर्षे चालली. ती १९६७ मध्ये पोप पॉल सहावे यांनी काढून टाकली. कॅथरीनला १७३७ मध्ये संत म्हणून घोषित करण्यात आले. जानेवारी २०११ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिच्यावर प्रवचन केले आणि तिच्या मते शुद्धी हा बाहेरचा नव्हे तर आतला अग्नी आहे, याकडे भाविकांचे लक्ष वेधले. धर्मसंस्थेला फिरून त्या रुग्णसेविकेच्या शब्दांपाशी यावे लागले.

हा विचार आपल्यापासून फार दूर नाही. पोर्तुगीज सत्तेबरोबर कॅथलिक धर्म आपल्या किनाऱ्यावर आला. त्या सत्तेने केलेला जाच इतिहासात नोंदलेला आहे, तो विसरायचे कारण नाही. पण त्याच काळात १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने आपली मराठी शिकून तिच्यात ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले, हेही खरे आहे. आज वसईत, मुंबईत, गोव्यात २ नोव्हेंबरला आपले कॅथलिक शेजारी स्मशानभूमीत जातात, कबरी झाडून-धुऊन फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि गेलेल्यांची नावे घेऊन प्रार्थना करतात. आपला पितृपंधरवडा होऊन तेव्हा थोडेच दिवस झालेले असतात.

आपले आणि त्यांचे तत्त्वज्ञान एकच आहे असे म्हणायची गरज नाही. पुनर्जन्माविषयी, मोक्षाविषयी मते निराळी आहेत आणि ती निराळीच राहोत. पण या इतिहासातून एक गोष्ट उचलता येते. पेर्पेतुआने, ग्रेगरींनी, कॅथरीनने गेलेल्यांसाठी जे केले त्याला प्रत्येक वेळी स्वतःचे काहीतरी खर्ची पडले: झोप, अहंकार, किळस, जुना राग. टेट्झेलच्या पेटीत फक्त नाणे पडत होते, देणाऱ्याच्या मनातली गाठ तशीच राहत होती. आपल्याकडेही वर्षश्राद्धाचे पान वाढताना, पुण्यतिथीची पंगत घालताना हे विचारून पाहावे. ज्याच्या नावाने घास काढतो, त्याच्या हयातीत अडलेला शब्द आता तरी सुटला का? त्याने ज्याच्याशी वैर धरले, त्याच्या घरी आपण एकदा जाऊन आलो का? जवळपास कोणी अंथरुणाला खिळला असेल तर त्याच्याजवळ घटकाभर बसून, त्याच्या ओठांवर नाम येईपर्यंत थांबलो का?

ही वाट आजपासून धरता येते. त्यासाठी अंतकाळाची वाट पाहण्याचे कारण नाही.

रामकृष्ण हरी.